कोरडवाहू गावात हायब्रिड मोटार

'हायब्रिड' हा शब्द आमच्या दिग्रसच्या माणसाने प्रथम ऐकला तो बियाण्याच्या पिशवीवरून. ज्वारीचे पहिले भारतीय संकरित वाण, सी.एस.एच.-१, १९६४ साली आले. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. १९६३ पासून १९७५ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत त्यांनी संकरित बियाण्यांचा पाठपुरावा केला, आणि पुढे १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून 'हायब्रिड-४' हा कापसाचा संकरित वाण बाहेर पडला. बघता बघता हा इंग्रजी शब्द आमच्या वऱ्हाडी बोलीत असा मुरला की, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ज्वारीचेच नाव 'हायब्रिड' झाले. 'हायब्रिडची भाकर' म्हटले की ती ज्वारीचीच, आणि चवीला गावरानीपेक्षा जरा उणी, एवढे सारे त्या दोन शब्दांत आले!

त्या काळी शेतकऱ्यापुढे जो प्रश्न होता तो अगदी साधा होता. बियाणे महाग आहे, दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते, त्याला खत हवे, वेळेवर पाणी हवे. हे सारे करून परवडेल काय? शहाणा शेतकरी या प्रश्नाला एकदम 'हो' किंवा 'नाही' म्हणत नसे. तो उलट विचारी, "जमीन कोणती? पाणी किती?" एकाच पिशवीतील बियाणे विहिरीच्या मळ्यात कणसाने वाकत होते, आणि मुरमाड बरड रानात बियाण्याचा पैसाही काढून देत नव्हते.

आज तोच शब्द चार चाकांवर बसून आमच्या गावात आला आहे. दसरा-पाडव्याचा मुहूर्त साधून मोटार घेणारी मंडळी चहाच्या दुकानी एकमेकांना विचारीत असतात, "हायब्रिड घ्यावी काय हो? दोन-तीन लाख जास्त पडतात म्हणे. पण ॲव्हरेज चांगले देते." हा प्रश्न या वर्षी माझ्याही घरात आला. माझी सध्याची लहान पेट्रोल मोटार चौदा वर्षांची झाली. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे चालवावयाची तर तपासणी करून ती नव्याने करून घ्यावी लागते. तेव्हा नवी मोटार घ्यावयाची हे ठरले. कोणती, हे मात्र ठरेना. म्हणून मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. माझा पेशा मराठी शिकविण्याचा. गणिताशी माझे सख्य बेताचेच. परंतु हा हिशेब तिसरी-चौथीतील मुलालाही येण्याजोगा आहे, आणि ज्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे अशा वाचकांना तो उपयोगी पडेल म्हणून येथे मांडीत आहे.

पेट्रोलचे घर आणि विजेचे घर

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटर व बॅटरी. कल्पना जुनीच आहे. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने व्हिएन्नातील लोनर यांच्या कारखान्यात १९०० च्या सुमारास अशी गाडी तयार केली होती आणि तिचे लॅटिन नाव ठेवले होते 'सेम्पर व्हिवस', म्हणजे सदैव जिवंत. आपण तिला 'चिरंजीव' म्हणावयास हरकत नाही. प्रत्यक्षात ती फारशी जगली नाही. पेट्रोल स्वस्त झाले आणि दोन-दोन यंत्रे वाहून नेण्याची कुणाला गरज उरली नाही. ती कल्पना बाजारात खऱ्या अर्थाने उभी केली ती जपानच्या टोयोटा कंपनीने, १९९७ च्या डिसेंबरात विक्रीस काढलेल्या 'प्रियस' मोटारीने.

हिचे मर्म कळावयास सायकलचा डायनामो आठवावा. रात्री दिवा लावण्यासाठी डायनामो चाकाला टेकविला की पायडल जड होई. म्हणजे चाकाची गती घेऊन तो वीज देत असे. हायब्रिड मोटारीत हेच उलटून उपयोगाला आणले आहे. आपण ब्रेक दाबला की साध्या मोटारीत सारी गती घर्षणाने तापून हवेत जाते. पेट्रोल जाळून मिळविलेला वेग आपण अक्षरशः फुंकून टाकतो. हायब्रिडमध्ये त्याच वेळी विजेची मोटर डायनामो बनते, चाकाला अडविते आणि वीज बॅटरीत भरते. पुन्हा निघताना ती वीज गाडीला पुढे ढकलते. पेट्रोलचे इंजिन सर्वांत जास्त उधळपट्टी करते ते थांबलेल्या अवस्थेत आणि संथ चालीत. नेमके तेवढे काम त्याच्याकडून काढून घेतले जाते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. 'हायब्रिड' अशी पाटी मागे लावलेल्या साऱ्या मोटारी एका जातीच्या नव्हेत. काहींत विजेचे यंत्र इंजिनाला केवळ हातभार लावते. एकट्या विजेवर त्या चालत नाहीत. त्यांना 'माइल्ड' हायब्रिड म्हणतात आणि त्यांची किंमत व बचत दोन्ही बेताचीच. दुसऱ्या 'स्ट्राँग', म्हणजे पुऱ्या हायब्रिड. त्या काही अंतर नुसत्या विजेवर जातात. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या २०२२ साली आलेल्या जुळ्या बहिणींत हे दोन्ही प्रकार मिळतात. चाचणीतील आकडे पाहिले तर माइल्ड प्रकार हाताच्या गिअरमध्ये लिटरला सुमारे २१ किलोमीटर देतो आणि पुरा हायब्रिड जवळजवळ २८. दोन-तीन लाखांचा प्रश्न आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा, आणि पुढे मी 'हायब्रिड' म्हणेन ते त्यालाच उद्देशून.

आता गंमत पहा. या पुऱ्या हायब्रिडची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. म्हणजे घरच्या वीजबिलातील एक युनिटसुद्धा तिच्यात मावत नाही! ती वीज साठवून ठेवण्याची कोठी नव्हे. हातावर पोट असलेल्या माणसासारखी ती घटकेत भरते आणि घटकेत रिकामी होते. म्हणून जिथे वारंवार थांबावे आणि निघावे लागते तिथेच तिचा खरा उपयोग. जिथे मोटार एका चालीने तासन् तास धावते, तिथे अडविण्याजोगी गती नसते आणि बॅटरीला कामही फारसे नसते. हायब्रिडचे पाणी म्हणजे ब्रेक आणि तिची जमीन म्हणजे रहदारी, हे एवढे लक्षात ठेवले म्हणजे अर्धा निर्णय झाला.

आमची जमीन

आता आमच्या गावाची जमीन पाहू. बाजाराच्या दिवशीची गर्दी आणि हंगामात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या सोडल्या, तर दिग्रसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जावयास दहा मिनिटे पुरतात. माझे कॉलेज तर मी पायी गाठतो. मोटार निघते ती बाहेरगावी. दारव्ह्यावरून यवतमाळ सुमारे सत्तर किलोमीटर. पुसद, आर्णी, मानोरा याहूनही जवळ. वर्षातून पाच-सहा वेळा नागपूर, एखाद्या वेळी कारंजाजवळ समृद्धी महामार्गाला लागून संभाजीनगर किंवा पुणे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ पासून पुरा खुला झाल्यावर तर लांबच्या प्रवासात ब्रेकला हात, म्हणजे पाय, लागतो कधी? पुसदकडच्या चढउतारांवर थोडी वीज गोळा होईल आणि खड्डे व गतिरोधक यांची कृपा आमच्यावर आहेच. तरीही एकंदरीत ही भूमी हायब्रिडच्या दृष्टीने कोरडवाहूच म्हणावी लागेल.

माझ्या जुन्या मोटारीचा काटा सांगतो की, मी वर्षाला सरासरी ८,००० किलोमीटर जातो. आता हिशेब. कंपनीचा आकडा यंत्रशाळेतील रुळांवर काढलेला असतो. तो बाजूला ठेवून मी रोजच्या वापरातील आकडे धरले. त्या आकाराची साधी पेट्रोल मोटार लिटरला १५ आणि हायब्रिड २२. आमच्या सरळ रस्त्यांचा विचार करता हे हायब्रिडला दिलेले झुकते मापच आहे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये. म्हणजे साध्या मोटारीला किलोमीटरमागे ७ रुपये, हायब्रिडला ४ रुपये ७७ पैसे. बचत २ रुपये २३ पैसे. किमतीतील फरक अडीच लाख, त्यावर वाहनकराचे बारा टक्के धरले की २,८०,००० रुपये.

या रकमेला २ रुपये २३ पैशांनी भागा. उत्तर येते सव्वा लाख किलोमीटर! वर्षाला ८,००० च्या चालीने तेथवर पोहोचावयास मला पावणेसोळा वर्षे लागतील. नोंदणी आहे पंधरा वर्षांची. पीक हाती येण्यापूर्वी शेतच खालसा झाले म्हणावयाचे!

हा हिशेबही पुरा नाही, कारण त्यात व्याज धरलेले नाही. तेच २,८०,००० रुपये बँकेत मुदत ठेवीत टाकले आणि वर्षाला केवळ सहा टक्के धरले, तरी १६,८०० रुपये येतात. हायब्रिडमुळे माझे वर्षाला वाचणारे पेट्रोल १७,८४० रुपयांचे. फरक उरला १,०४० रुपयांचा. आणि ठेवीतले मुद्दल जागेवर शाबूत राहते, तर मोटारीत घातलेले मुद्दल दरवर्षी झिजत जाते. ज्यांना रुपयांपेक्षा कापसाची भाषा जवळची, त्यांच्यासाठी सांगतो: केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव ठरविला. त्या भावाने ही जादा रक्कम म्हणजे साडेचौतीस क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात एवढा कापूस उभा करावयास किती एकर आणि किती हात लागतात, ते येथल्या वाचकांस मी सांगावयास नको.

एकच बियाणे, तीन शेते

माझे मेहुणे पुण्यास असतात. त्यांनी दोन वर्षांमागे हायब्रिड घेतली आणि तेव्हापासून फोनवर दुसरा विषय नाही. "भाऊजी, सिग्नलला उभी असली की बंद आहे की चालू आहे हेच कळत नाही!" त्यांचे कौतुक मी पूर्वी जाहिरातीचा परिणाम समजत असे. पण ते हिशेबी गृहस्थ आहेत. पेट्रोलची प्रत्येक पावती वहीत उतरवितात. त्यांची आधीची मोटार शहराच्या कोंडीत लिटरला १० किलोमीटर देई, नवी २१ देते. त्यांची बचत होते किलोमीटरमागे साडेपाच रुपये. घर ते कचेरी जाऊन-येऊन रोज ४५ किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे १३,५०० किलोमीटर आणि ७४,२५० रुपये. त्यांचे दोन लाख ऐंशी हजार पावणेचार वर्षांत वसूल होतात. पुण्याची रहदारी, जिला सारे जग शिव्या देते, ती त्यांच्या मोटारीला पाटाच्या पाण्यासारखी मानवली आहे.

तिसरे शेत आमच्याच गावातले. येथील एक कृषी केंद्राचे चालक खेडोपाडी वसुलीला आणि माल पोहोचवावयास सतत फिरतात. त्यांचे रस्ते माझेच. पण वर्षाला ३०,००० किलोमीटर. माझ्याच दराने त्यांची वार्षिक बचत ६६,९०० रुपये. सव्वाचार वर्षांच्या आत गाडीचा जादा पैसा फिटतो. मी त्यांना हा हिशेब दाखविला तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, हे तर बियाण्यासारखंच झालं. पाणी नसलं तरी रान मोठं असलं की जमून जाते." मी चार पाने लिहून जे मांडीत आहे, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

म्हणून कुणी म्हणाले की 'हायब्रिड परवडते', तर ते खोटे बोलत नाहीत. आणि कुणी म्हणाले 'परवडत नाही', तर तेही खरेच असते. दोघांनाही विचारावे, "वर्षाला किती चालते आणि कुठे चालते?"

सरकार आणि मिस्त्री

पुष्कळ लोक वाट पाहण्याचा सल्ला देतात. सरकार सवलत देईल, किंमत उतरेल. भारतातील हायब्रिडचा इतिहास पाहिला तर या भरवशावर निर्णय टांगून ठेवू नये असे मला वाटते. २००८ साली होंडाने 'सिव्हिक हायब्रिड' आणली ती सुमारे साडेएकवीस लाखांना. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्याच वर्षी किंमत एकदम आठेक लाखांनी उतरवावी लागली. आधी घेणाऱ्यांना काय वाटले असेल! २०१५ पासून माइल्ड हायब्रिडला केंद्राचे अनुदान होते. ते एप्रिल २०१७ मध्ये गेले. जुलै २०१७ मध्ये जी.एस.टी. आला आणि मोठ्या हायब्रिडवरचा कर पूर्वीच्या तिसेक टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर चढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, पण त्याच दिवशी मोठ्या साध्या मोटारीही ४० टक्क्यांवर आल्या. निव्वळ विजेवरच्या मोटारींना ५ टक्केच राहिले. उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये पुऱ्या हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला. सवलत आज आहे, उद्या नाही. या राज्यात आहे, त्या राज्यात नाही. तेव्हा ज्या दिवशी घ्यावयाची त्या दिवशी आपल्या परिवहन कार्यालयात काय लागू आहे ते विचारावे आणि तेवढेच धरून चालावे.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. आमच्या गावचे मोटार मिस्त्री हुशार आहेत. कार्ब्युरेटरपासून शिकलेले हे लोक कानाने इंजिनाचे दुखणे ओळखतात. पण हायब्रिडमध्ये नारिंगी आवरणाच्या ज्या जाड तारा असतात, त्यांतून पावणेदोनशे व्होल्टच्या आसपास दाब खेळतो. त्याला शिकवणीवाचून कुणी हात लावू नये आणि लावू देऊ नये. म्हणजे काही बिघडले की कंपनीचे केंद्र जवळ करणे आले. बॅटरीला कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवरची हमी देतात. पुण्याच्या मेहुण्यांचा पैसा त्या मुदतीच्या आत दुपटीने वसूल होतो. माझा आठ वर्षांत निम्माच होतो, आणि पुढची निम्मी वाट हमीवाचून चालावयाची.

धुराचा हिशेब

माझी मुलगी बारावीला आहे. तिने या वहीवर एक रास्त आक्षेप घेतला. "बाबा, तुम्ही सगळं पैशात मोजता. धुराचं काय?"

तिचे म्हणणे खोटे नाही. आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो, आणि जळलेले प्रत्येक लिटर पेट्रोल सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत सोडते. माझ्या ८,००० किलोमीटरांत हायब्रिडने सुमारे १७० लिटर पेट्रोल वाचेल. म्हणजे चारशे किलोच्या आतबाहेर वायू. ही बचत खरी आहे आणि तिची किंमत रुपयांत होत नाही. पण तेवढेच १७० लिटर वाचविण्याची दुसरी वाट आमच्या बसस्थानकावर उभी असते. यवतमाळला जाऊन-येऊन १४० किलोमीटर. वर्षातून अठरा वेळा मोटार घरी ठेवून एस.टी.ने गेलो, की १५ किलोमीटरच्या मोटारीचे १६८ लिटर पेट्रोल वाचले! एस.टी. तर जाणारच असते. मी बसलो काय, न बसलो काय. विद्यापीठाच्या नि बँकेच्या कामाला एकट्याने जाताना मोटार नेण्याचे कारणच काय? मुलीने हे मान्य केले, परंतु लगेच बजावले, "मग खरंच एस.टी.नं जायचं हं!" तशी अट तिने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे.

सौभाग्यवतींचा प्रश्न आणखी मुळाशी जाणारा निघाला. "अहो, पण आपल्याला एवढी मोठी गाडी हवीच कशाला?" खरोखर, हायब्रिडचा हिशेब नेहमी तिच्याच मोठ्या बहिणीशी मांडला जातो, लहान मोटारीशी कुणी मांडीत नाही. चार मीटरच्या आतली आणि १२०० सी.सी.पर्यंतची पेट्रोल मोटार २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के करात आली. ती आमच्या रस्त्यावर लिटरला २० किलोमीटर सहज देते. हायब्रिडहून किलोमीटरमागे फक्त ४८ पैसे जास्त. माझ्या वर्षभराच्या चालीला ३,८४० रुपये. एवढ्यासाठी दहा-अकरा लाख अधिक घालावयाचे? घरात माणसे चार. आईला नागपूरला डॉक्टरकडे नेताना मागची सारी बैठक तिला मोकळी असली म्हणजे झाले.

तेव्हा आमचे ठरले ते असे: लहान पेट्रोल मोटार घ्यावयाची आणि उरलेली रक्कम मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवावयाची. तिला कृषी महाविद्यालयात जावयाचे आहे, बियाण्यांचे शास्त्र शिकावयाचे आहे. माझ्या पुढे मोटारीची आणि तिच्या फीची अशा दोन थैल्या नाहीत, एकच आहे. हायब्रिडची निःशब्द चाल मला आवडली नाही असे नाही. मेहुण्यांच्या मोटारीत बसलो होतो तेव्हा, गाडी आवाज न करता निघाली की मनाला जे बरे वाटते ते मीही अनुभवले आहे. ज्याला त्या सुखासाठी पैसे द्यावयाचे असतील त्याने खुशाल द्यावेत. मात्र ते सुखाच्या खात्यावर मांडावेत, बचतीच्या नव्हे.

वाचकांपैकी ज्यांना येत्या पाडव्याला हा निर्णय करावयाचा असेल, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून तीन आकडे लिहावेत. जुन्या गाडीच्या काट्यावरून वर्षाचे किलोमीटर. त्यांतले शहराच्या कोंडीतले किती आणि मोकळ्या रस्त्यावरचे किती. आणि सारे कर धरून दोन गाड्यांच्या किमतीतला फरक. कोंडीतले निम्म्याहून अधिक आणि एकूण बारा-पंधरा हजार असतील, किंवा रस्ता मोकळा पण एकूण पंचवीस-तीस हजार असतील, तर विक्रेत्याशी पुढचे बोलणे करावे. दोन्ही नसेल, तर चहा पिऊन परत यावे. आमच्याकडे पेरणीपूर्वी शेतकरी मूठभर माती हातात घेऊन पाहतो, ती याचसाठी.